व्हरांड्यातला भागाकार

"बाई, एवढंच सांगा. हिला डोकं हाय का न्हाई?"

भिवा गोरड चपला बाहेर काढून वर्गाच्या दारात उभा होता. मार्च महिन्यातला गुरुवार, अकरा वाजायला आले होते. फळ्यावर मी भागाकार मांडला होता. समोर तिसरी-चौथीचे अकरा मुलगे बसले होते आणि मुलगी एकच, सरपंचांची. बाकीच्या सात मुली बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, उशिरा आल्याची शिक्षा म्हणून. त्या सातांतली एक भिवाची शेवंता, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो मला हे विचारत होता.

"दिवाळीत सांगितलं होतं ना तुम्हाला," मी म्हणाले. "वाचते बरी. गणितात काही राम नाही."

"व्हय, सांगितलं व्हतं. पर पोरगी म्हंती, पुढं शिकायचंय. पाचवीला म्हंजी तीन मैल चालत जायाचं. माजी भैन हाय कराडकडं, तिला बाळ राखाया पोरगी पायजे. ती रईवारी बाजाराला येतीया. तिला शब्द द्यायचा का न्हाई, तेवढं ठरवायचंय. डोकं असंल तर चालत धाडतो. नसंल तर उगं पायपीट कशाला करायची?"

बोलणं अगदी रास्त होतं. मलाही कोड्यात न बोलणारा माणूस आवडतो.

"शनिवारी या," मी म्हणाले. "तिची वेगळी परीक्षा घेते आणि सांगते. पण आशा ठेवू नका."

"आशा ठिवत न्हाई. तुमी म्हनाल तसं." चपला पायात अडकवून तो गेला. शेवंताकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मीही पाहिलं नाही.

या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. माण तालुक्यातली ती दोनशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी रणपिसे गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मला तिथे पाच वर्षं झाली होती आणि माझा दरारा होता. मी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहत असे आणि अठरा किलोमीटर एसटीने येत असे. पाच वर्षांत एकदाही उशीर केला नव्हता, आणि हे मी कुणालाही विसरू देत नसे. बाई अठरा किलोमीटरवरून साडेदहाच्या आत येतात आणि या कार्ट्यांना गावातल्या गावात येता येत नाही, हे माझं आवडतं वाक्य होतं.

साडेदहाला पहिला तास गणिताचा. सकाळी डोकं ताजं असतं म्हणून गणित पहिलं, हे डी.एड.ला शिकवलेलं मी वेदवाक्य मानलं होतं. उशिरा येणाऱ्यांनी पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, हा नियम माझा स्वतःचा. रणपिसे गुरुजी एकदा म्हणाले होते, "बाई, पोरी पाण्याला जातात हो." मी म्हटलं, "मग लवकर उठून जावं." गुरुजी भांडणारे नव्हते. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

गावची विहीर पावसाळा सरताच तळाला जाई. मग टँकर येई तो दहाच्या सुमारास, आणि विहिरीत पाणी ओतून निघून जाई. बाया आठ वाजताच रोजगार हमीच्या खडीवर गेलेल्या असत, तेव्हा पाणी शेंदायला मुलीच. सरपंचांच्या घरी गडी पाणी भरे. यातलं काहीच माझ्यापासून लपलेलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा असे आणि त्या दिवशी एकही मुलगी उशिरा येत नसे, हेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण शनिवारी कवायत, गाणी आणि सफाई. पावसाळ्याचे दोन महिने मुली वेळेवर येत, आणि त्या दोन महिन्यांत मी बेरीज-वजाबाकीची उजळणी घेत असे.

त्यातून सहामाहीचा प्रकार घडला होता. शहाण्णव भागिले चार, असं साधं उदाहरण घातलं होतं. सातही मुलींनी उत्तर लिहिलं एकवीस, बाकी तीन. सातजणींची तीच चूक, त्याच पायरीवर. म्हणजे कॉपी. मी सातहीजणींना शून्य दिलं आणि छड्याही दिल्या. शेवंताने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाई, म्या कुनाचं बगितलं न्हाई." मी तिला एक छडी जास्त मारली, खोटं बोलली म्हणून.

त्या गुरुवारी दुपारी मी कार्यालयातून आलेला एक तक्ता भरत बसले होते. "मुलींच्या गणितातील अप्रगतीची कारणे" असा रकाना होता. मी पहिलं कारण लिहिलं, पालकांची उदासीनता. दुसरं, घरी अभ्यासाचं वातावरण नाही. तिसरं, विषयाची आवड नाही. अक्षर माझं सुरेख आहे. घडी घालून तक्ता पर्समध्ये ठेवला.

शुक्रवारी एसटी आलीच नाही. स्टँडवर कुणी म्हणे गाडी बिघडली, कुणी म्हणे ड्रायव्हर आला नाही. पावणेदहा झाले आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. पाच वर्षांचा विक्रम मोडणार होता. तेवढ्यात पाण्याचा टँकर समोर थांबला.

"बाई, बसा की," इलाही ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्याच गावाला चाललोय."

"साडेदहाला पोचवाल?"

"गावात पोचवतो. शाळंत तुमी पोचा."

साडीचा घोळ आवरत मी वर चढले. टँकर डुलत, पाणी सांडत निघाला. घाटाला तर तो असा चालत होता की मी उतरून पुढे गेले असते. "भरल्या गाडीला पळवता येत न्हाई बाई," इलाही शांतपणे म्हणाला. विहीर गावाच्या पलीकडे, शाळेच्या अगदी विरुद्ध टोकाला. टँकर थांबला तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

विहिरीवर माझा अर्धा वर्ग होता. सातही मुली, शिवाय पहिली-दुसरीतल्या आणखी चार. मला टँकरमधून उतरताना पाहून सगळ्या जागच्या जागी थिजल्या. एकटी हसली ती मंदा. कडेवर तान्हं मूल, डोक्यावर पदर. उशिरा शाळेत घातलेली, तीन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून चौथी होऊन घरी बसलेली, पुढच्या वर्षी लग्न होऊन याच गावात नांदत असलेली.

"बाई, तुमीबी आज उशीर केला," ती म्हणाली.

 मी चालू लागणारच होते, पण रस्त्यात घागरी होत्या. पितळेच्या, प्लास्टिकच्या, डालड्याचे डबे, सगळं एका लांबच लांब ओळीत. शेवंता त्या ओळीच्या कडेने बोट नाचवत चालत आली, शेवटाला थांबली आणि म्हणाली, "चौऱ्याऐंशी." क्षणभर आभाळाकडे बघितलं. "अठ्ठावीस." मग मागे जात पायाच्या अंगठ्याने धुळीत दोन ठिकाणी रेघ ओढली. पोरींनी भराभर घागरी उचलून तीन ओळी केल्या. विहिरीवर रहाट तीन होते.

"रोज असंच करता?" मी विचारलं.

"व्हय. न्हाईतर भांडनं हुत्यात."

"अठ्ठावीस कसे काढलेस?"

शेवंताने अंग चोरलं. मी काही विचारलं की पोरी आधी छडी कुठे आहे ते बघत. "चौऱ्याऐंशीचं तीन वाटं, बाई."

"म्हणजे भागाकार केलास."

"न्हाई बाई. भागाकार केला तर बावीस येत्यात. बावीस धरलं तर अठरा घागरी उरत्यात."

"बावीस?"

"शाळंतला भागाकार येगळा असतो," तिने मला समजावून सांगितलं. बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या. त्यांना त्यात नवल वाटत नव्हतं. शाळेत अनेक गोष्टी वेगळ्या असतात, त्यांतलीच ही एक.

मी तिथेच थांबले. का थांबले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. डोक्यात एकवीस बाकी तीन घोळत होतं. पोरींनी पाणी शेंदलं, दोन-दोन खेपा घातल्या, ओल्या परकरांनीच दप्तरं उचलली आणि आम्ही मिळून शाळेकडे निघालो.  शाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आत रणपिसे गुरुजींचा आवाज येत होता. मी असो वा नसो, साडेदहाला गणित सुरू झालंच पाहिजे, हा माझाच दंडक. त्यांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवून बहात्तर भागिले तीन घेतलं होतं. मुली सवयीने व्हरांड्यात आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येकीची जागा ठरलेली होती. मी दाराकडे निघाले आणि शेवंताने भिंतीच्या फटीतून कोळशाचा तुकडा काढला, तो बघून पाय अडला.

"सातात तीन किती वेळा?" आतून गुरुजी. "दोन वेळा," मुलगे. "तीन दुणे सहा. सातातून सहा गेले?" "एक." "आता वरचे दोन खाली घ्या."

शेवंता भिंतीवर लिहीत होती. सात आणि दोन, तीन, दोन, सहा, एक. आकडा एकही चुकला नव्हता. मग तिने एकाच्या खाली दोन लिहिला, त्याखाली रेघ मारली, बेरीज केली, तीन. तीन एके तीन. उत्तर एकवीस.

"बारा!" आत मुलगे ओरडले. "चार वेळा! चोवीस!"

शेवंताने एकवीस बोटाने पुसलं आणि चोवीस लिहिलं.

"असं का केलंस?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"उत्तर ऐकू आलं की त्येच लिवायचं. पर ते बारा कुटनं येत्यात, ते कळत न्हाई. परीक्षेत कुनी वरडत न्हाई, मंग एकवीस येतंय."

फळा त्याच भिंतीवर होता, आतल्या बाजूने. बाहेर उभं राहणाऱ्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. आकडा बाकीच्या शेजारी मांडायचा असतो, हे सांगायची मला कधी गरज पडली नव्हती, कारण माझ्यासमोर बसलेल्यांना ते दिसत होतं. या पोरींनी ऐकलेलं सगळं तंतोतंत केलं होतं. न दिसलेलं तेवढं डोक्याने भरून काढलं होतं.

"खाली लिहून बेरीज करायची, हे तुला कुणी सांगितलं?"

"मंदाताईनं. ती हितं हुबी ऱ्हायाची तवा तिनं शोदून काडलं. मला पान्यावर शिकवलं. म्या ह्यास्नी शिकवलं."

भिंतीवर कमरेच्या उंचीला काळपट डाग होते. ते डाग मी शंभरदा पाहिले होते. पोरी भिंत घाण करतात म्हणून दर शनिवारच्या सफाईत ओल्या फडक्याने त्यांच्याकडूनच पुसूनही घेतले होते. मला रडू आलं, ते मी दाबलं. शिक्षकाने मुलांसमोर रडू नये, असंही मला शिकवलेलं होतं. मी तास संपेपर्यंत त्यांच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहिले. रणपिसे गुरुजी बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, आणि तो भला माणूस आपल्या वर्गाकडे गेला.

शनिवारी सकाळी कवायतीची शिट्टी मी वाजवलीच नाही. सातही मुलींना फळ्यासमोर पहिल्या ओळीत बसवलं आणि चौऱ्याऐंशी भागिले तीन मांडलं. चार खाली आणला आणि दोनाच्या शेजारी ठेवला.

"शेजारी?" शेवंताने विचारलं.

"शेजारी. दोनाचे झाले चोवीस."

ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. "मंग अठ्ठावीसच येतंय की."

"हो."

"बाई, हे फळ्यावर व्हतं व्हय?"

"हो."

"कवापास्नं?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले.

मी तिला पाच उदाहरणं घातली. पाचही बरोबर आली, आणि बाकीच्या सहाजणींच्या पाट्या ती बसल्या जागेवरून तपासून मोकळी झाली. मला सुटीपर्यंत दुसरं कामच उरलं नाही.

भिवा अकरा वाजता आला, तसाच चपला काढून. मी त्याला आत बोलावलं. तो बाकावर बसेना, मग मीही उभीच राहिले.

"तिला पाचवीला घाला," मी म्हणाले. "माझ्या वर्गात तिच्याइतकं गणिताचं डोकं कुणाला नाही."

भिवाने मुंडासं सारखं केलं. "दिवाळीत डोकं न्हाई म्हनाला व्हता."

"हो."

"परवाच्या दिशी बी म्हनाला, आशा ठिवू नगा."

"हो."

"मंग तवा खोटं बोलला का आता बोलताय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. बाजारात दोन भाव ऐकल्यावर माणूस खरा कुठला ते विचारतो, तसं तो विचारत होता. शेवंता माझ्याकडे बघत होती. सांगण्यासारखी कारणं माझ्याकडे पुष्कळ होती. टँकरची वेळ, नियम, पर्समधला तक्ता.

"तेव्हा चुकीचं बोलले," मी म्हणाले. "मी तिला गणित शिकवलंच नव्हतं. रोज बाहेर उभं केलं आणि येत नाही म्हणून मारलं. चूक माझी होती, तिची नव्हती."

 भिवाने मला सोडून लेकीलाच विचारलं, "आज्याची एक्क्यान्नव मेंढरं व्हती. सात भावात वाटली. येकाला किती आली?"

तिने पाटी घेतली. नवातून सात, उरले दोन. वरचा एक खाली आणून दोनाच्या शेजारी लिहिला. "तेरा."

"तेराच आली व्हती," भिवा म्हणाला. दाराकडे वळता वळता थांबला. "पर मोठ्या शाळंची येळबी साडेधाच हाय. पानी कोन भरंल?"

माझी नजर तिसरीतल्या सर्जेरावकडे गेली. हा शेवंताचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ, पाच मिनिटांपूर्वी भागाकार चुकलेला. तो पाटीत तोंड खुपसून बसला.

"पोरगा पानी भरत नसतो, बाई," भिवा म्हणाला. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाला, "बगतो."

रविवारी त्याची बहीण बाजारातून एकटीच परत गेली. शेवंता पाचवीला गेली, तीन मैल चालत, आणि पुढे दहावी झाली. सर्जेराव पाणी भरायला लागला आणि त्याचं गणित होतं तेवढंच वाईट राहिलं. तक्त्यावरची तीनही कारणं मी खोडली आणि लिहिलं, शाळेचं वेळापत्रक. रणपिसे गुरुजी म्हणाले, "असं लिहून भागत नाही हो बाई, तिकडे कारण पालकांचंच लागतं." तरी मी तसाच पाठवला. त्यावर कुणी काही विचारलं नाही, तेव्हा कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

लोक मला ही गोष्ट शेवंताची म्हणून सांगायला लावतात. एका सत्कारात तर तीच सांगून टाळ्या मिळाल्या. पण मी विसरू शकत नाही तो त्यानंतरचा सोमवार.

त्या सोमवारपासून मी गणित दुपारच्या सुट्टीनंतर ठेवलं. व्हरांडा रिकामा होता, अठरा-एकोणीस पोरं आत दाटीने बसली होती, आणि मी फळ्यावर भागाकार घेत होते. दारात सावली पडली. मंदा होती. खांद्यावर झोपलेलं मूल, हातात रिकामी घागर. पहिलीतल्या नणंदेला न्यायला आली होती.

"थांब थोडं," मी म्हणाले. "गुरुजी सोडतील."

 ती उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून फळ्याकडे बघायला लागली. चौथी पास झालेली ती बाई, माझ्याच वर्गात दोन वर्षं होती. भागाकाराच्या तासाला फळा ती पहिल्यांदाच बघत होती. मी खडू धरून उभी राहिले. तिचे ओठ हलत होते. आठातून सहा, दोन, चार.

"आत्ता ग बया," ती हळूच म्हणाली. "शेजारी लिवायचा व्हता."

"हो, मंदा."

तिने मान डोलावली. मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या वडिलांनीही एकदा दारात चपला काढून मला विचारलं होतं, आणि मी उत्तर द्यायला अर्धं मिनिटही घेतलं नव्हतं.

"लई सोपं व्हतं की बाई," मंदा म्हणाली, आणि घागर उचलून बाहेर जाऊन उभी राहिली. व्हरांड्यात, तिच्या ठरलेल्या जागी.